थंडीतला कृमी जास्त का जगतो? एका प्रश्नाची शंभर वर्षं

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकायला थोडा विचित्र आहे. एक मिलिमीटर लांबीचा एक कृमी, त्याला थोड्या थंड जागी ठेवलं की तो जास्त दिवस जगतो. एवढीच गोष्ट. पण ‘तो जास्त का जगतो’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली. त्या वाटेवर चरबी आली, पेशीतला कचरा आला, आणि आयुष्य म्हणजे नेमकं काय याबद्दलची आपली एक जुनी समजूतही तपासून निघाली. आज आपण तो इतिहास क्रमाने बघू.

ती जुनी समजूत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आपल्याकडे म्हणतात ना, माणसाला श्वास मोजून दिलेले असतात. जो सावकाश श्वास घेतो तो जास्त जगतो, जो धापा टाकत जगतो त्याची शिदोरी लवकर संपते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत हाच विचार आकड्यांच्या भाषेत मांडला गेला.

मोजून दिलेली शिदोरी

१९०८ साली जर्मनीत मॅक्स रुबनर यांनी एक हिशोब मांडला. गिनीपिग, मांजर, कुत्रा, गाय आणि घोडा असे पाच प्राणी घेतले. प्रत्येक प्राणी आयुष्यभरात शरीराच्या प्रत्येक ग्रॅममागे किती ऊर्जा खर्च करतो ते काढलं. प्राणी लहान-मोठे, कुणी थोडी वर्षं जगणारा, कुणी कितीतरी जास्त, पण एकूण खर्च साधारण सारखाच निघाला. म्हणजे प्रत्येकाला ठरावीक शिदोरी मिळाली आहे, छोटे प्राणी ती भराभर संपवतात आणि मोठे पुरवून वापरतात. आता यात एक अडचण होती. माणूस या हिशोबात बसत नव्हता, तो फारच जास्त खर्च करून जगत होता. पण अडचण बाजूला ठेवली गेली, कारण हिशोब सुरेख होता.

पुढचं पाऊल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टाकलं गेलं. तिथे ज्याक लोब नावाचे मोठे जीवशास्त्रज्ञ होते. सजीवांमधली प्रत्येक गोष्ट शेवटी रसायनशास्त्रानेच समजते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्याबरोबर तरुण जॉन नॉर्थ्रॉप होते, ज्यांना पुढे १९४६ साली विकरांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. १९१६-१७ मध्ये या दोघांनी फळमाश्या वेगवेगळ्या तापमानांत वाढवल्या आणि त्या किती दिवस जगतात ते मोजलं. तापमान दहा अंशांनी उतरवलं की आयुष्य साधारण दुप्पट-तिप्पट होत होतं.

आता हा आकडा कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाच्या ओळखीचा आहे. बहुतेक रासायनिक क्रियांचा वेगही दहा अंशांमागे दुपटी-तिपटीनेच बदलतो. लोब यांना हवा तो धागा मिळाला. म्हातारपण ही एक रासायनिक क्रिया आहे, थंडीत ती हळू चालते, म्हणून माशी उशिरा मरते. संपला विषय.

१९२८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रेमंड पर्ल यांनी ‘द रेट ऑफ लिव्हिंग’ हे पुस्तक लिहिलं आणि या विचाराला नाव मिळालं. मराठीत आपण ‘जगण्याच्या वेगाचा सिद्धांत’ म्हणू. जेवढा वेगाने जगाल, तेवढे लवकर मराल. पुढची कित्येक दशकं थंडी आणि आयुष्य यांचा संबंध सांगताना हाच सिद्धांत पुढे केला जाई.

मी याला थट्टेचा विषय करत नाही. हे लक्षात घ्या, की हा सिद्धांत मूर्खपणाचा नव्हता. थंडीत रसायनं हळू चालतात हे आजही खरं आहे. प्रश्न असा होता, की एवढंच खरं आहे का? थंडीतला प्राणी नुसता ‘हळू’ झालेला असतो, की थंडी लागल्यावर तो स्वतः काहीतरी करत असतो? या दोन उत्तरांत फार मोठा फरक आहे. पहिलं उत्तर खरं असेल तर आपल्या हातात काही नाही, शिदोरी ठरलेली आहे. दुसरं खरं असेल तर शरीराकडे स्वतःला टिकवण्याची काही यंत्रणा आहे, थंडी फक्त तिचं बटण दाबते. आणि बटण असेल तर ते दुसऱ्या कशानेही दाबता येईल.

पहिल्या चिरा

सिद्धांताला तडे जायला लागले ते माशांपासून. म्हणजे पाण्यातल्या माशांपासून! दक्षिण अमेरिकेत सायनोलेबिअस नावाचे छोटे मासे आहेत. पावसाळी डबक्यात जन्मतात, डबकं आटलं की मरतात, एकाच मोसमाचं आयुष्य. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉय वॉलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे मासे थोड्या थंड पाण्यात वाढवले. मासे जास्त जगले, हे अपेक्षितच होतं. पण ते उबदार पाण्यातल्या माशांपेक्षा मोठेही झाले. आता बघा, थंडीने सगळंच हळू होत असेल तर वाढही हळू व्हायला पाहिजे. इथे वाढ जोरात आणि म्हातारपण मात्र सावकाश. एका किल्लीचं घड्याळ असं दोन वेगांनी चालत नाही.

पण मासा काय किंवा माशी काय, त्यांच्या पेशींत नेमकं काय घडतंय हे उघडून बघायची सोय त्या काळी नव्हती. त्यासाठी वेगळा प्राणी लागणार होता.

१९६३: दोन वेगळ्या वाटा

१९६३ साल या कथेत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं तेव्हा कुणाच्याही ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

पहिली गोष्ट इंग्लंडमधल्या केंब्रिजची. सिडनी ब्रेनर यांनी आपल्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहिलं. म्हणणं असं, की रेणुजीवशास्त्रातले मूळ प्रश्न आता सुटत आलेत, पुढचे प्रश्न शरीर कसं घडतं आणि मज्जासंस्था कशी चालते हे आहेत, आणि त्यासाठी एक अगदी साधा प्राणी हवा. त्यांनी अखेर निवडलेला प्राणी म्हणजे सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स, एक सूत्रकृमी. घाबरू नका, हा पोटात होणारा जंत नव्हे. हा मातीत, कुजक्या फळांत, खताच्या ढिगात राहतो आणि जिवाणू खातो. अंगाने पारदर्शक. उभयलिंगी कृमीच्या शरीरात बरोबर ९५९ कायिक पेशी, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. वीस अंश तापमानाला दोन-तीन आठवड्यांत आयुष्य संपतं. म्हणजे एका संशोधकाला एका वर्षात कितीतरी पिढ्यांचं जन्ममरण बघता येतं. ब्रेनर यांचा मोठा शोधनिबंध १९७४ साली आला, आणि आज जगभर शेकडो प्रयोगशाळांत हा कृमी आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

दुसरी गोष्ट लंडनची. बेल्जियमचे ख्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५० च्या दशकात पेशीतली लयकारिका शोधून काढली होती. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलोय, लयकारिका म्हणजे पेशीची कचरा विल्हेवाट यंत्रणा. १९६३ साली लंडनच्या एका परिषदेत द द्यूव यांनी एक नवा शब्द वापरला: ऑटोफॅजी. मराठीत स्वभक्षण. पेशी आपल्याच आतला एखादा भाग, मोडकी तंतुकणिका असेल, गुठळी झालेली प्रथिनं असतील, एका पिशवीत गुंडाळते, ती पिशवी लयकारिकेत रिकामी करते, आणि तिथे त्याचे तुकडे होऊन ते पुन्हा वापरात येतात. आपल्याकडे भंगारवाला येतो ना, तसं. फरक इतकाच, की इथे भंगार वितळवून नवी भांडी करण्याचं कामही घरातच होतं.

सूक्ष्मदर्शकातून हे दिसत होतं, पण कोणती जनुकं हे घडवतात ते कुणालाच माहीत नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं विषय तसाच राहिला. मग १९९२-९३ मध्ये टोकियोत योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टवर साधी युक्ती केली. ज्या यीस्टमध्ये कचरा पचवणारी विकरं नाहीत असं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. कचऱ्याच्या पिशव्या येत राहिल्या, पण पचेनात, त्यामुळे साठून साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायला लागल्या. मग ज्या यीस्टमध्ये हा साठा दिसेनासा होतो अशी उत्परिवर्तनं शोधली आणि पंधरा जनुकांचा माग लागला. यासाठी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. हीच जनुकं थोड्याफार फरकाने कृमीत आहेत, उंदरात आहेत, आपल्यातही आहेत.

वाटा मिळतात

इकडे कृमीच्या वाटेवर काय चाललं होतं? १९७७ साली मायकेल क्लास यांनी या कृमीचं आयुष्य कशाकशाने बदलतं ते नीट मोजलं, आणि तापमान हे त्यातलं ठळक कारण निघालं. प्रयोगशाळेत हा कृमी साधारण १५, २० किंवा २५ अंशांवर ठेवतात. १५ ला जास्त जगतो, २५ ला कमी. मोजायची पद्धत अगदी साधी: रोज प्लॅटिनमच्या तारेने हळूच स्पर्श करायचा. हलला तर जिवंत, नाही हलला तर वहीत नोंद.

१९९३ साली कॅलिफोर्नियात सिंथिया केन्यन यांनी दाखवलं, की डॅफ-२ या एकाच जनुकात बदल झाला तर कृमी दुप्पट जगतो. आणि तोही मरगळलेला नव्हे, चांगला वळवळणारा. त्या काळात ही बातमी धक्कादायक होती. म्हातारपण ही नुसती झीज असेल तर एका जनुकाने ती अर्ध्यावर कशी येईल?

मग २००३. बेथ लेविन यांच्या गटाने केन्यन यांचा दीर्घायुषी कृमी घेतला आणि त्याचं स्वभक्षणाचं एक जनुक बंद केलं. वाढलेलं आयुष्य कमी झालं. १९६३ साली ज्या दोन वाटा वेगळ्या सुरू झाल्या, त्या चाळीस वर्षांनी इथे मिळाल्या. जास्त जगायचं तर पेशीला घर साफ ठेवावं लागतं, असा याचा अर्थ.

पण अजून थंडी आलेली नाही. आणि चरबीही नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ.

खोबरेल आणि करडई

डिसेंबरात पुण्या-नाशकात खोबरेल तेलाची बाटली गोठते. तूपही घट्ट होतं. पण शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल तसंच पातळ राहतं. का? खोबरेलात संपृक्त मेदाम्लं जास्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असतात, काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून लवकर घट्ट होतात. करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं जास्त. त्यांच्या साखळीत दुहेरी बंध असतो, तिथे साखळीला बाक येतो. बाक असलेल्या काड्या नीट रचता येत नाहीत, मधे फटी राहतात, तेल पातळ राहतं.

आता प्रत्येक पेशीभोवतीचं पटल हे मुख्यतः मेदाचंच बनलेलं असतं. थंडीत ते घट्ट झालं तर त्यातली प्रथिनं हलणार कशी? मग पेशी काय करते? ती आपलं तेल बदलते. संपृक्त कमी, असंपृक्त जास्त.

हे फार जुनं निरीक्षण आहे. १९०१ साली डेन्मार्कमध्ये हेन्रिकेस आणि हान्सेन या दोघांनी डुकरांवर प्रयोग केला. एक डुक्कर उबेत, एक शून्य अंशाच्या गारठ्यात, आणि तिसरं गारठ्यातच, पण अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट. (हशा) हसू नका, प्रयोग फार हुशारीचा होता. उघड्यावरच्या डुकराच्या कातडीखालची चरबी जास्त असंपृक्त, म्हणजे मऊ झाली. कोटवाल्याची तशी झाली नाही. म्हणजे हवा थंड आहे की नाही यापेक्षा ती पेशी स्वतः किती थंड आहे यावर चरबी ठरते. १९७४ साली मायकेल सिनेन्स्की यांनी ई. कोलाय जिवाणूत हेच दाखवलं: वाढीचं तापमान बदला, जिवाणू आपल्या पटलातल्या मेदाम्लांचं मिश्रण असं बदलतो, की पटलाचा पातळपणा तेवढाच राहतो.

कृमीतही हे होतं. त्याच्याकडे मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध घालणारी विकरं आहेत आणि थंडीत त्यांतली काही जोरात कामाला लागतात. पण थंडी पडली हे त्यांना सांगतं कोण? स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात मार्क पिलों यांच्या गटाला पीएक्यूआर-२ नावाचं एक प्रथिन सापडलं. हे पेशीच्या पटलात बसतं आणि आपल्या शरीरातल्या ॲडिपोनेक्टिन ग्राहीचा कृमीतला भाऊबंद आहे. ज्या कृमीत हे प्रथिन नाही तो वीस अंशांवर ठीक असतो, पण पंधरा अंशांवर वाढूच शकत नाही. २०१३ च्या निबंधात त्यांनी कारण दाखवलं: अशा कृमीला थंडीत असंपृक्त मेदाम्लं वाढवता येत नाहीत, पटल ताठर होतं. आणि गंमत बघा, पटल सैल करणारा सौम्य साबणासारखा पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात दिला की तो कृमी सावरतो.

इथपर्यंत चरबीचं काम काय होतं? पटल पातळ ठेवणं. बस. आयुष्याशी तिचा थेट संबंध कुणी जोडला नव्हता.

चरबी निरोप देते

तो संबंध बोस्टनमध्ये जुळला. गॅरी रुव्हकुन, ज्यांना २०२४ साली सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी नोबेल मिळालं, त्यांच्या प्रयोगशाळेत एलीन ओरूर्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली असं दाखवलं: उपाशी राहिल्यावर कृमी आपली साठवलेली चरबी फोडतो, तेव्हा ओमेगा-६ गटातली काही मेदाम्लं वाढतात. मग त्यांनी पोटभर खाणाऱ्या कृमींना तीच मेदाम्लं, ॲरॅकिडोनिक आम्ल आणि त्याचं एक जवळचं भावंड, वरून दिली. कृमी जास्त जगले. स्वभक्षणाची जनुकं बंद केली, तर हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे ही मेदाम्लं नुसतं इंधन नव्हती आणि पटलाचा नुसता माल-मसालाही नव्हती. ती पेशीला निरोप देत होती: दिवस कठीण आहेत, घर आवरायला घ्या.

तिकडे थंडीच्या बाजूनेही जुना सिद्धांत हलला होता. त्याच २०१३ साली मिशिगन विद्यापीठात शॉन शू यांच्या गटाने टीआरपीए-१ हे थंडी जाणणारं प्रथिन कृमीत तपासलं. हे पेशीच्या पटलातलं दार असतं. थंडी पडली की ते उघडतं, कॅल्शियम आत येतं आणि पुढची साखळी चालू होते. हे दार काढून टाकलं तर कृमी १५ आणि २० अंशांवर कमी जगतो, २५ अंशांवर मात्र काहीच फरक पडत नाही.

इथे जरा थांबू, कारण सगळ्या इतिहासाचा निकाल याच प्रयोगात आहे. लोब यांचं म्हणणं खरं असेल, म्हणजे थंडी फक्त रसायनं हळू करत असेल, तर एक दार काढल्याने फरक का पडावा? तापमान तर तेवढंच आहे, रसायनं तेवढीच हळू आहेत. तरीही आयुष्य घटलं. म्हणजे थंडीत मिळणाऱ्या जास्तीच्या दिवसांपैकी काही दिवस तरी त्या कृमीने स्वतः कमावलेले होते.

२०१९: कडी जुळली

आता सगळे तुकडे टेबलावर आहेत. थंडीने आयुष्य वाढतं. थंडीने असंपृक्त मेदाम्लं वाढतात, त्यामागे पीएक्यूआर-२ आहे. ओमेगा-६ मेदाम्लांनी स्वभक्षण वाढतं. स्वभक्षणाने आयुष्य वाढतं. तुम्हीच सांगा, पुढचा प्रश्न काय असेल?

तो प्रश्न चीनमधल्या युन्नान विद्यापीठातल्या गटाने घेतला आणि २०१९ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये उत्तर छापलं. कमी तापमानाला कृमीत स्वभक्षण वाढतं, आणि थंडीत वाढणाऱ्या आयुष्याला या वाढीचा हातभार असतो. तापमान उतरल्याचं पीएक्यूआर-२ ओळखतं. मग गॅमा-लिनोलेनिक आणि ॲरॅकिडोनिक ही दोन ओमेगा-६ मेदाम्लं जास्त तयार होतात. ती दोन मेदाम्लं स्वभक्षण सुरू करतात. आणि कुठे? मेंदूत नाही, आतड्यात नाही, तर बाह्यत्वचेत. वयाबरोबर कृमीच्या अंगातलं कोलॅजेन कमी होत जातं. बाह्यत्वचेतल्या या साफसफाईमुळे ती घट लांबते आणि आयुष्य वाढतं.

कोलॅजेन म्हणजे शरीराला आकार आणि ताकद देणारं प्रथिन, आपल्या कातडीत, हाडांत, सांध्यांत आहे तेच. त्याआधी २०१५ साली दुसऱ्या एका गटाने दीर्घायुषी कृमींमध्ये कोलॅजेनची जनुकं महत्त्वाची असल्याचं दाखवलं होतंच. त्यामुळे युन्नानचा निष्कर्ष हवेत नव्हता, आधीच्या कामाशी तो जुळत होता.

म्हणजे जे मेदाम्ल आपण शंभर वर्षं ‘थंडीत पातळ राहणारं तेल’ म्हणून ओळखत होतो, तेच एक संदेशवाहकही निघालं. पेशीने एकाच मालाचे दोन उपयोग केले.

मग लोब चुकले का?

असा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं उत्तर: अर्धवट बरोबर होते, आणि अर्धवट बरोबर उत्तर कधीकधी पूर्ण चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त वेळ खातं. चुकीचं उत्तर लवकर उघडं पडतं. अर्धवट बरोबर उत्तर दर वेळी आकड्यांशी जुळतं, म्हणून कुणी पुढे विचारत नाही. फळमाशीवर आकडे जुळले, आणि ‘का’ हा प्रश्न मिटला असं वाटलं. तो पुन्हा उघडायला असा प्राणी लागला, ज्याचं एकेक जनुक काढून बघता येतं.

आणि आजचं उत्तरही शेवटचं नाही. २०२३ साली जर्मनीतल्या कोलोनमध्ये डेव्हिड व्हिल्चेस यांच्या गटाने दाखवलं, की थंडीत प्रथिनांची दुसरी एक विल्हेवाट यंत्रणाही, जिला प्रोटिॲसोम म्हणतात, कृमीत जास्त काम करते आणि रोगाशी निगडित प्रथिनांच्या गुठळ्या कमी होतात. ३७ ऐवजी ३६ अंशांवर वाढवलेल्या मानवी पेशींतही त्यांना याच प्रकारचा परिणाम दिसला. म्हणजे थंडी एकच बटण दाबत नाही, बरीच दाबते. स्वभक्षण हे त्यातलं एक.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: ओमेगा-६ मुळे आयुष्य वाढत असेल तर आपण करडईचं तेल जास्त खावं का?

उत्तर: हा प्रश्न येणार याची खात्री होती! थोडं सावध राहा. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते ओमेगा-६ आहे, हे खरं. पण कृमीत आणि आपल्यात एक मूलभूत फरक आहे. कृमी साध्या ओलेइक आम्लापासून लिनोलेइक आम्ल स्वतः बनवतो. आपल्याला ते येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. हे १९२९-३० मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवर दाखवलं. बिनचरबीच्या अन्नावर उंदरांची कातडी खवल्यासारखी झाली, आणि लिनोलेइक आम्ल दिल्यावर सुधारली. म्हणजे ते गरजेचं आहे. पण गरजेचं म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं, असं नव्हे. त्याच ॲरॅकिडोनिक आम्लापासून आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन्स बनतात, ज्यांचा ताप, सूज आणि वेदनेत हात असतो. ॲस्पिरिन त्यांनाच अडवते. कृमीच्या प्रयोगावरून तेलाची बाटली निवडू नका. कुणी या संशोधनाचं नाव घेऊन गोळ्या विकत असेल तर त्याला एवढंच विचारा, की तुमचा प्रयोग कोणावर झालाय?

प्रश्न: मग थंड पाण्याने आंघोळ केली, एसीत बसलं, तर?

उत्तर: इथे डेन्मार्कचं ते कोटवालं डुक्कर आठवा. हवा थंड असणं वेगळं आणि पेशी थंड असणं वेगळं. कृमीचं शरीर हवेच्या तापमानाचंच असतं. आपलं तसं नाही. आपल्याला गारठा लागला की शरीर कुडकुडतं, जास्त इंधन जाळतं आणि आतलं तापमान टिकवतं. २००६ साली कॅलिफोर्नियात ब्रूनो कॉन्टी यांच्या गटाने उंदरांवर जो प्रयोग केला त्यात उंदरांना थंडीत बसवलं नव्हतं. त्यांच्या मेंदूतला तापमान ठरवणारा भाग थोडासा उबदार राहील असा जनुकीय बदल केला. मेंदूला वाटलं, शरीर गरम झालंय, आणि त्याने आतलं तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी उतरवलं. आयुष्याची मध्यमा माद्यांमध्ये सुमारे २० टक्के आणि नरांमध्ये १२ टक्के वाढली. अर्ध्या अंशात एवढा फरक. पण हे जनुकीय बदलाने केलेलं होतं. थंड पाण्याची आंघोळ आवडत असेल तर जरूर करा, मात्र त्याचा हिशोब या कृमीच्या नावावर टाकू नका.

प्रश्न: म्हणजे या सगळ्या कामाचा सामान्य माणसाला उपयोग काय?

उत्तर: आज लगेच, थेट, काहीच नाही. तसं सांगितलं तर मी खोटं बोलेन. पण एक विचार बदललाय, आणि तो मोठा आहे. म्हातारपण म्हणजे ठरावीक शिदोरी संपणं, असं मानलं की म्हातारपणातल्या आजारांकडे आपण ‘वय झालं’ म्हणून बघतो. घरात आजोबांचे हात कापायला लागले, आजीला नावं आठवेनात, की हेच म्हणतो. पार्किन्सन, अल्झायमर यांसारख्या आजारांत पेशींमध्ये प्रथिनांच्या गुठळ्या साठतात, म्हणजे सफाई कमी पडते. ही सफाई वाढवता येते, आणि तिला चालना देणारे निरोप असतात, हे जर एका कृमीत सिद्ध होत असेल, तर ‘वय झालं’ हे उत्तर पुरेसं राहत नाही. त्याच्यापुढे विचारावं लागतं, की सफाई नेमकी कुठे अडली आणि ती पुन्हा चालू कशी करता येईल. औषध सापडेल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण हा प्रश्न विचारणं १९२८ साली जवळजवळ अशक्य होतं, आणि आज त्यावर प्रयोगशाळांत रोज काम चालू आहे.

वेळ संपत आली. पुढच्या व्याख्यानात आपण लयकारिकेच्या शोधाची कथा सविस्तर बघणार आहोत, कारण तो शोध खरं तर एका विकराची मोजणी जुळेना म्हणून लागला. आज इथेच थांबतो.